साथीच्या रोगाची सामाजिक उतरंड

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मुंबईत कोणत्या समाजाची किती माणसे दगावली, याचा हिशेब तेव्हाच्या आरोग्य अहवालांतून उपलब्ध आहे. दर हजार लोकसंख्येमागे युरोपीयांत सुमारे ८, पारशांत ९, सवर्ण हिंदू आणि मुसलमान यांच्यात १९ च्या आसपास, आणि त्या काळच्या सरकारी वर्गवारीत ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले जाई त्यांच्यात जवळपास ६२ मृत्यू नोंदले गेले. शहर तेच, विषाणूही तोच, आणि तरीही तफावत सातपटीहून अधिक.

ही तफावत रक्तात किंवा वंशात शोधण्याची गरज नाही. विषाणू शरीरात शिरण्यापासून माणूस दगावण्यापर्यंत तीन प्रश्न निर्णायक ठरतात: लागण किती सहज होते, शरीर किती तग धरते आणि आजारपणात शुश्रूषा कोण करते. १९१८ मध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गरिबांच्या विरोधात होती. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, महायुद्धामुळे आधीच चढलेले धान्याचे भाव आणखी कडाडले होते, आणि अशा अर्धपोटी अवस्थेत सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी, अधिक जीवघेणी लाट आली. बहुतेक मृत्यू निव्वळ विषाणूमुळे नव्हे, तर त्याने दुबळ्या केलेल्या फुप्फुसांत जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियाने झाले. पेनिसिलिनचा शोध अजून दहा वर्षे दूर होता. त्यामुळे विश्रांती, पेज-पाणी आणि ऊब हाच काय तो उपचार, आणि चाळीतल्या एका खोलीत सगळे घरच तापाने फणफणले असेल, तर तोही देणारे कोणी उरत नसे. भारतात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या, याचे एक कारणही इथेच सापडते: आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच आणि घरात सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारीही तीच.

कोविडच्या मृत्यूंची रोजची सरकारी आकडेवारी जिल्हावार मिळत होती, जातवार किंवा उत्पन्नानुसार मात्र नव्हे. वसाहतकालीन नोंदींत जे दिसते, ते शंभर वर्षांनंतरच्या संगणकीय आकडेवारीत दिसू नये, ही मोठी उणीव म्हटली पाहिजे. म्हणून दुसरा पुरावा पाहावा लागतो. जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांतील तीन प्रभागांत सुमारे ७,००० जणांचे रक्त तपासण्यात आले, तेव्हा झोपडपट्टीतील ५७ टक्के, तर इमारतींतील १६ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली. म्हणजे वस्त्यांमध्ये निम्म्याहून अधिक लोकांना लागण होऊन गेली होती.

दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर ‘घरी सुरक्षित राहा’ या सूचनेचा अर्थच बदलतो. शिवाय घरात बसून राहणेही शक्य नसते. पहाटे सार्वजनिक शौचालयापुढे डबे घेऊन रांग लागते. आत कोंदट हवा, छोटी झडप, आणि आधी आत गेलेल्या माणसाच्या श्वासातून सुटलेले सूक्ष्म कण हवेत तरंगत असतात. कडी-कोयंड्यांवर जंतुनाशक फवारून हा धोका फारसा कमी होत नाही. नळावरची गर्दी वेगळीच. धारावीत पालिकेने घरीच विलगीकरणाचा आग्रह न धरता शाळा आणि सभागृहे ताब्यात घेऊन बाधितांच्या संपर्कातील लोकांची तिथे सोय केली, हा या वास्तवाचा व्यवहारी स्वीकार होता.

या आकड्यांत एक गुंता आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. लागण झालेल्यांपैकी दगावलेल्यांचे प्रमाण झोपडपट्टीत इमारतींपेक्षा कमी निघाले. यावरून ‘गरिबांची प्रतिकारशक्ती चांगली’ असे ठोकून देणारे बरेच होते. प्रत्यक्षात या वस्त्यांचे सरासरी वय कमी असते. म्हातारपणी बरेच जण गावी परततात, आणि कष्टाच्या कामात आयुष्यही आखूड होते. कोविडचा धोका वयाबरोबर झपाट्याने वाढत असल्यामुळे समान वयोगटांची तुलना केल्याखेरीज असा निष्कर्ष काढता येत नाही. चाचणी न होता झालेले मृत्यू हिशेबात येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

लस आली तेव्हा उतरंडीने नवे रूप घेतले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण सुरुवातीला कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सक्तीची होती. केंद्रांवरच्या वेळा उघडताच काही क्षणांत संपत. साहजिकच ज्याच्या हाती चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि दुपारची मोकळीक, त्याचा नंबर लागे. घरकाम करणारी, रोजंदारीवरची, ओळखपत्राचा पत्ताच नसलेली माणसे मागे राहिली. मोबाईल पथके वस्तीत जाऊन जागेवरच नाव नोंदवून टोचू लागली, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना पहिली मात्रा मिळाली.