पब दीड तास आधी बंद केले आणि मारामाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त घटल्या

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला न्यूकॅसल नावाचं शहर आहे, कोळशाचं मोठं बंदर. तिथे मध्यवस्तीतले पब पहाटे ५ पर्यंत चालायचे आणि आजूबाजूला माणसं राहायची, त्यामुळे रात्रभर आरडाओरडा, भांडणं, सकाळी दारात फुटलेल्या बाटल्या. पोलीस आणि रहिवासी दोघांनीही तक्रारी लावून धरल्या आणि मार्च २००८ मध्ये १४ पबवर निर्बंध आले. बंद करायची वेळ आधी ३ ठरली, पबवाले कोर्टात गेल्यावर साडेतीन झाली. शिवाय दीडनंतर नवीन गिऱ्हाईक आत घ्यायचं नाही आणि रात्री १० नंतर शॉट्स विकायचे नाहीत.

आता खरी गंमत पुढे आहे. जवळच हॅमिल्टन नावाचा भाग आहे, तिथेही पब आहेत पण हे निर्बंध नव्हते, म्हणजे संशोधकांना तुलना करायला जागा आयतीच मिळाली. कायप्रोस किप्री आणि सहकाऱ्यांनी पोलिसांकडचे रात्रीच्या मारहाणीचे आकडे घेतले. मध्यवस्तीत दर तीन महिन्यांना सरासरी ९९ घटना व्हायच्या, त्या ६८ च्या आसपास आल्या. हॅमिल्टनमध्ये २३ वरून २५-२६, म्हणजे जवळपास तेवढ्याच. तुलना करून हिशोब केला तर ३७ टक्के घट! लोक इथलं बंद झालं की तिकडे जाऊन धिंगाणा घालतील ही जी भीती सगळे घालतात ना, ती काही खरी ठरली नाही.

पण फक्त दीड तासाने एवढा फरक का पडावा? लिव्हर दारू आपल्या ठरलेल्या वेगानेच पचवतं, ढोबळमानाने तासाला १० ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे एखाद पेग. पिणारा त्याहून वेगात पीत असेल तर टाकीत पाणी जास्त येतंय आणि तोटीतून कमी जातंय असं होतं, रक्तातलं प्रमाण चढतच राहतं. दहाला सुरू केलेला माणूस साडेचारला बाहेर पडतो तेव्हा तो सगळ्यात जास्त चढलेल्या अवस्थेत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी शरीराचं घड्याळ सर्वात मंद असतं, झोप अनावर, डोकं पटकन सटकणारं. शेवटचा तास पहिल्या तासासारखा नसतोच.

आणि हे एकाच शहराचं नाही. नॉर्वेमध्ये १८ शहरांचा अभ्यास झाला, तिथे वेळ एक तासाने बदलली की मारहाणीच्या घटना सुमारे १६ टक्क्यांनी बदलत होत्या, वाढवली की वाढ, कमी केली की घट. ॲम्स्टरडॅमने २००९ साली दोन भागांत एक तास वाढवून दिला, तिथे दारूमुळे जखमी झालेल्यांसाठी ॲम्ब्युलन्स बोलवायचं प्रमाण एक तृतीयांशाने वाढलं.

हॅमिल्टनमध्ये पुढे २०१० साली ठराविक वेळेनंतर आत न घेण्याचा नियम आणला पण पब बंद व्हायची वेळ तीच ठेवली, तर मारहाणीत फरक दिसला नाही. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण वेळ कमी करायची नसली की असले अर्धवट उपाय हमखास पुढे येतात.

मारहाण निदान पोलिसांच्या वहीत तरी येते. झोपेचं काय? आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागासाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण स्पीकर बंद झाल्यावर खिडकीखाली गाडीची वाट बघत उभे असलेले वीसेक लोक मोठमोठ्याने बोलत असतात, त्यांच्यावर कोण मीटर लावणार? आणि झोप सरासरी आवाजाने मोडत नाही, अचानक आलेल्या एका किंचाळीने, एका हॉर्नने मोडते, ज्याला पहाटे उठून कामाला जायचंय त्याचा पुढचा दिवस तिथेच गेला. त्यामुळे पुण्यात, मुंबईत, गोव्यात कुठेही बारची वेळ वाढवायचा विषय निघाला की सोसायटीवाल्यांनी नुसतं "त्रास होतो" म्हणून थांबू नये, रात्री किती वाजता काय झालं ते तासवार लिहून अर्जाला जोडावं आणि पोलिसांकडचे तासवार आकडे माहिती अधिकारात मागून घ्यावेत.