जयनगर–जनकपूर रेल्वे

बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातलं जयनगर आणि नेपाळमधलं जनकपूर यांना जोडणारी लाइन. आज भारत-नेपाळ सीमा ओलांडणारी प्रवासी गाडी म्हणजे हीच, रक्सौल-वीरगंज मार्ग मालगाड्यांचा.

सुरुवात साधारण १९३७ ची धरतात. नेपाळी नोंदींत विक्रम संवत १९९४ येतं आणि ते १९३८ च्या एप्रिलपर्यंत जातं, म्हणून 'सुमारे' म्हटलेलं बरं. राणा पंतप्रधान जुद्ध शमशेर यांचा तो काळ. जानकी मंदिराच्या यात्रेकरूंसाठी ही लाइन टाकली असंही सांगतात, पण महोत्तरीच्या जंगलातलं लाकूड जयनगरला उतरवायचं हे कारण जास्त पटतं, कारण नुसती यात्राच असती तर रूळ जनकपूरच्या पुढे बिजलपुऱ्यापर्यंत कशाला न्यायचे?

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, होता अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिमी. नागपूरकरांना हा वेगळा समजवायला नको, नागभीडची छोटी गाडी याच मापाची होती, यवतमाळची शकुंतलाही, आणि नागपुरातल्या मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये आजही जवळून बघता येतो. या मापाचं श्रेय बरेच जण ब्रिटिश इंजिनीअर कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइट रेल्वेला (१८९७) देतात, पण गुजरातेत डभोईला १८६२ मध्येच अडीच फुटी रुळांवर बैल डबे ओढत होते, त्यामुळे बार्शीने माप शोधलं म्हणण्यापेक्षा हलक्या लाइनीवर जड माल कसा न्यायचा ते दाखवून दिलं म्हणणं ठीक. जनकपूरला मात्र या गेजचा फटकाच बसला. पलीकडे जयनगरला भारताची लाइन तेव्हा मीटरगेज, त्यामुळे माल पुढे पाठवायचा तर एका वाघिणीतून (मालडब्यातून) काढून दुसरीत भरा, म्हणजे दोन देश जोडले खरे पण गाडी काही सरळ जात नव्हती.

बिजलपुऱ्याकडचा भाग २००१ च्या सुमारास पूल गेल्यावर बंद पडला, उरलेला २०१४ मध्ये ब्रॉडगेजसाठी.

भारताच्या मदतीने इरकॉन या भारत सरकारच्या रेल्वे-बांधकाम कंपनीने १६७६ मिमीचे, म्हणजे ब्रॉडगेजचे, नवे रूळ टाकले. डेमू गाडीचे (डिझेलवर चालणारी, वेगळं इंजिन न लागणारी लोकल) दोन रेक, म्हणजे डब्यांचे दोन पूर्ण संच, कोकण रेल्वेने सप्टेंबर २०२० मध्ये दिले, पण नेपाळकडे रेल्वे चालवायचा कायदाही नव्हता आणि शिकलेली माणसंही पुरेशी नव्हती, म्हणून ते दीड वर्ष नुसते उभे. जयनगर ते कुर्था सुमारे ३५ किमीचं उद्घाटन २ एप्रिल २०२२ ला मोदी आणि नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान देउबा यांनी केलं, पुढे बिजलपुऱ्यापर्यंत गाडी २०२३ मध्ये गेली. बर्दिबासपर्यंतचे साधारण १७ किमी हा तिसरा टप्पा.

जयनगरला नेपाळचं स्टेशन भारतीय स्टेशनला लागून पण वेगळं आहे, मधे पादचारी पूल. सीमेपलीकडचं पहिलं स्टेशन इनर्वा. गाडी नेपाळ रेल्वे कंपनी चालवते. विवाहपंचमी (राम-सीतेच्या लग्नाचा दिवस) आणि रामनवमीला जनकपूरला मोठी यात्रा भरते, गाडीची खरी गर्दी तेव्हाची. भारतीय आणि नेपाळी नागरिकांनी ओळखपत्र जवळ ठेवायचं.