न्हाणीघर, दिवा आणि भटारखाना : युरोपातील आलिशान हॉटेलांची पार्श्वभूमी

लंडन, पॅरिस किंवा माद्रिदमध्ये दोन-तीन रात्रींसाठी उतरलेला प्रवासी खोलीला लागून न्हाणीघर, उशाशी मंद दिवा आणि खाली उत्तम भोजनगृह या गोष्टी आज गृहीत धरतो. महागड्या हॉटेलांत त्या रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि त्यांचा माग काढू लागले की बहुतेक वाटा लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलाकडे जातात.

रेल्वेबरोबर शेकडो खोल्यांची हॉटेले त्याआधीच उभी राहिली होती, परंतु त्यांचा भर दर्शनी थाटावर असे. लंडनमध्ये १८८७ साली उघडलेल्या व्हिक्टोरिया हॉटेलात ५०० पाहुण्यांसाठी अवघी ४ न्हाणीघरे होती. संगीतिकांचा निर्माता रिचर्ड डॉयली कार्ट याने अमेरिकेतील हॉटेले पाहिली होती. गिल्बर्ट आणि सुलिव्हन यांच्या संगीतिकांवर मिळवलेल्या पैशातून त्याने आपल्या नाट्यगृहाशेजारीच सॅव्हॉय बांधले आणि ६ ऑगस्ट १८८९ रोजी ते उघडले. विजेचे दिवे, विजेवर चालणारे पाळणे (लिफ्ट), चोवीस तास गरम पाणी आणि साठाहून अधिक न्हाणीघरे असा तो बेत होता. हे पाहुणे पाण्यात राहणारे प्राणी आहेत की काय, असे कंत्राटदाराने विचारल्याचे सांगतात.

इमारत उभी राहिली, तरी तिला चालवणारा माणूस कार्टला स्वित्झर्लंडमधून आलेल्या सेझार रिट्झमध्ये सापडला. नीडरवाल्ड या खेड्यातील शेतकरी कुटुंबात १८५० साली जन्मलेला रिट्झ वेटरपासून चढत आला होता. त्याने आपल्याबरोबर ओग्युस्त एस्कॉफिये हा आचारी आणला, आणि माझ्या मते खरी क्रांती झाली ती दिवाणखान्यात नव्हे, भटारखान्यात.

एस्कॉफियेने कामाची वाटणीच बदलली. मायरबेर पद्धतीची अंडी हा पदार्थ पाहावा : एकट्या आचाऱ्याला त्यासाठी पंधरा मिनिटे लागत. नव्या व्यवस्थेत एकाने अंडी करायची, त्याच वेळी भाजणीच्या विभागातील दुसऱ्याने कोकराचा गुर्दा भाजायचा, सॉस करणाऱ्या तिसऱ्याने ट्रफल या अळंबीचा सॉस सिद्ध ठेवायचा आणि काही मिनिटांत ताट बाहेर. आरडाओरड व मद्यपान या दोन्हींना त्याने भटारखान्यात बंदी केली आणि उष्णतेने तहानलेल्यांसाठी सातूचे पेय ठेवले. थिएटर सुटल्यावर एकाच वेळी भरणारे भोजनगृह सांभाळायला ही शिस्त हवीच होती. त्या भोजनगृहात आता स्त्रियाही उघडपणे येऊन बसू लागल्या होत्या, आणि लंडनच्या प्रतिष्ठित समाजात हे तोवर रूढ नव्हते.

सॅव्हॉयशी या जोडीचे १८९८ मध्ये बिनसले. हजारो पौंडांच्या मद्याचा हिशेब लागत नसल्याच्या आरोपावरून दोघांनाही काढण्यात आले. त्याच वर्षी १ जून रोजी पॅरिसच्या प्लास वांदोममध्ये रिट्झचे स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडले. क्षयाची धास्ती असलेल्या त्या काळात त्याने धूळ धरणारे जड पडदे आणि भिंतींवरचे कागद टाळून रंगवलेल्या भिंती आणि पितळी पलंग पसंत केले. पत्नीला बसवून, तिच्या चेहऱ्यावर कोणत्या छटेचा प्रकाश खुलतो हे पाहत त्याने दिव्यांच्या छत्र्यांचा रंग ठरवला, अशीही कथा आहे.

या प्रवाहाचा एक काठ मुंबईलाही लागतो. अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलाचा आराखडा करण्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाचा मोठा वाटा होता. विजेच्या दिव्यांनी उजळलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. लंडनमधील रिट्झ त्यानंतर, १९०६ साली आले.

तोवर रिट्झ स्वतः खचला होता. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक जून १९०२ मध्ये ऐनवेळी लांबणीवर पडला आणि त्यासाठी लंडनच्या कार्ल्टन हॉटेलात केलेली सारी तयारी रद्द करावी लागली, तेव्हा तो कोसळला तो पुरता सावरलाच नाही. माद्रिदचे रिट्झ १९१० साली उघडले. स्पेनच्या राजाच्या विवाहाला आलेल्या परदेशी पाहुण्यांना उतरवायला शहरात साजेसे हॉटेल नव्हते, ही त्यामागची निकड. त्याच्या दारावर नाव मात्र रिट्झचे लागले.