झारी मुलाच्या हातात द्या

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमारास मृगाचा पाऊस सांगलीत येतो. आपल्याकडे अजूनही कितीतरी वर्गांवर पत्रा आहे. जोराची सर आली की बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, पोरं आरडाओरडा करून मजा लुटतात, आणि एखादं स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल दोन्ही कान घट्ट दाबून बाकाखाली शिरतं. ‘घाबरट आहे’, ‘लाडावलंय’ असं कुणीतरी म्हणतंच. पण त्या मुलाला ऐकू येणारा पाऊस आणि शेजारच्याला ऐकू येणारा पाऊस एक नसतो. आवाज, स्पर्श, वास, उजेड यांना फार तीव्र किंवा फारच क्षीण प्रतिसाद देणं ही गोष्ट अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत घातली. म्हणजे यात हट्टाचा किंवा संस्कारांचा प्रश्नच नाही.

अशा मुलाला पावसाची ओळख करून द्यायची ती कशी? इथे एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. आपल्याच हाताने आपल्याला गुदगुल्या का होत नाहीत, हे लंडनमधल्या सारा-जेन ब्लेकमोर, डॅनिएल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ साली मेंदूच्या स्कॅनमधून तपासलं. आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिच्यामुळे काय जाणवणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. त्यात मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूचा मोठा वाटा असतो. अंदाज जुळला की त्या संवेदनेची धार कमी केली जाते. पुढे २००६ साली ब्लेकमोर यांनी अ‍ॅस्पर्जर (स्वमग्नतेचाच एक प्रकार) असलेल्या प्रौढांवर असाच प्रयोग केला. दुसऱ्याने केलेला स्पर्श या मंडळींना इतरांपेक्षा तीव्र वाटत होता, पण स्वतःच स्वतःला केलेला स्पर्श त्यांनाही सौम्यच वाटला.

माझ्या मते विशेष मुलांच्या संवेदी शिक्षणातली, म्हणजे स्पर्श, आवाज, वास यांतून शिकवण्यातली, सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे: संवेदना मुलाने स्वतः घडवलेली असावी. पाऊस वरून कोसळतो, तो कधी येणार आणि कधी थांबणार हे मुलाच्या हातात नसतं. म्हणून उघडीप असताना पत्र्याचा एक तुकडा अंगणात तिरका टेकवायचा आणि पाण्याने भरलेली झारी मुलाच्या हातात द्यायची. आधी ते थेंब-थेंब टाकेल. टप्. थांबेल. बाईंकडे बघेल. पुन्हा टप्. आवाज नको झाला की हात सरळ करेल, की आवाज बंद. मग पत्र्यावर जुना टॉवेल पसरायचा आणि पुन्हा ओतायला सांगायचं. आता आवाज दबका येतो, कारण कापड थेंबाचा धक्का आधीच झेलतं आणि पत्र्याला पहिल्यासारखं थरथरू देत नाही. ध्वनी म्हणजे कंपन, हा धडा इथे एकही व्याख्या न सांगता होतो. थेंब पडत असताना पत्रा बोटाने चाचपू द्यावा, म्हणजे तीच थरथर हातालाही कळते. घाई मात्र कुणी करू नये. एखादं मूल पहिला आठवडाभर झारीला हातच लावणार नाही. लांबून बघणं हासुद्धा त्याचा सहभागच आहे.

आषाढात बेंदूर येतो आणि घरोघरी मातीचे बैल होतात. कृष्णाकाठची काळी माती भिजली की चिवट होते, मळायला जोर लागतो, आणि तो जोरच आपल्याला हवा असतो. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे आणि किती ताकद लावतोय हे आपल्याला कळतं ते स्नायूंमधल्या आणि स्नायुबंधांमधल्या संवेदकांमुळे. या जाणिवेला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिलं. जी मुलं पेन्सिल इतकी दाबून धरतात की टोक मोडतं, किंवा इतकी सैल धरतात की अक्षर उमटतच नाही, त्यांच्या हाताला माती दर क्षणी उत्तर देते. जास्त दाबलं तर बैलाचं शिंग तुटतं, कमी दाबलं तर वशिंड उभं राहत नाही.

पण तीच माती प्रत्येकाला चालत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे, तेव्हा एकच कृती सगळ्यांना कशी पुरेल? सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेल्या कित्येक मुलांचे हात गारठ्याने जास्त आखडतात, म्हणून त्यांच्यासाठी माती कोमट पाण्यात मळावी. हाताला चिकटलेलं काहीच सहन होत नाही अशा मुलाला माती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावी, म्हणजे दाबायला मिळते आणि बोटं कोरडी राहतात. त्याचा हात धरून चिखलात बुडवणं हा ‘सवय लावण्याचा’ प्रकार मी पाहिला आहे. तो तातडीने बंद व्हायला हवा. त्यातून मूल एवढंच शिकतं की मोठ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो.

नवरात्रात मिरजेला अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव भरतो. तंतुवाद्यांचं हे गाव सांगलीला लागून आहे, याचा फायदा आपल्या शाळांनी आजवर फारसा घेतलेला नाही. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तळहात लावून बघा. पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्याचा षड्ज साधारण सेकंदाला १३० ते १४० कंपनांचा, आणि खर्ज त्याच्या निम्मा. आपल्या तळहाताच्या त्वचेखाली पॅसिनियन नावाचे कांद्यासारखे पापुद्रे असलेले संवेदक आहेत. ते सेकंदाला २५० च्या आसपासची कंपनं सर्वांत चांगली टिपतात, पण त्याच्या बऱ्याच खालचीही त्यांना कळतात. १९९८ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी जन्मापासून बहिऱ्या असलेल्या एका माणसाच्या हाताला कंपनं दिली, तेव्हा त्याच्या मेंदूतला एरवी ऐकण्याचं काम करणारा भाग जागा झालेला दिसला. ऐकू न येणाऱ्या मुलीला तंबोरा नुसता लांबून दाखवून परत नेऊ नका. तिला भोपळ्याला गाल टेकवू द्या.

हे सगळं आवडीने सांगत असतानाच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संवेदी खेळांनी स्वमग्नता ‘बरी’ होत नाही. अमेरिकेतल्या व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत मांडलेल्या संवेदी एकात्मीकरण (सेन्सरी इंटिग्रेशन) उपचारांबद्दलचे पुरावे संमिश्र आहेत. ब्रिटनमध्ये १३८ स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या सेवांपेक्षा या उपचारांचा ठोस जास्त फायदा दिसला नाही. तेव्हा महागडं ‘सेन्सरी किट’ घेतलं की मूल बोलायला लागेल असं कुणी सांगत असेल, तर पैसे जपून ठेवा. वर्गातल्या या कृती औषध म्हणून करायच्याच नाहीत. छापील पानावरून जे मुलापर्यंत पोचत नाही, ते हात, नाक आणि कान यांच्या वाटेने पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. ते काम मोठं आहे.

दिवाळीनंतर हुरडा, सोलाणा, गुऱ्हाळावरचा गरम गूळ यांची रेलचेल असते. त्याबद्दल सांगलीकरांना मी काय सांगावं. मला थांबायचंय ते हळदीपाशी. जानेवारी ते मार्च हा काढणीचा हंगाम, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ओला गड्डा, शिजवून वाळवलेलं हळकुंड आणि पूड अशी एकाच वस्तूची तीन रूपं मुलांसमोर ठेवता येतात. डोळे चांगले असूनही मेंदूतल्या बिघाडामुळे नीट न दिसणारी मुलं असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना गर्दीतली चित्रं कळत नाहीत, पण पिवळा किंवा लाल असा एकच गडद रंग पटकन सापडतो. काळ्या कापडावर एकच ओला गड्डा मोडून ठेवावा, बाकी टेबल रिकामं. मग हळदीत बुडवून वाळवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवू द्यावं. पिवळ्यावर लालभडक रेघ उमटते, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. मुलं हे न कंटाळता करत राहतात, आणि आपण केलं म्हणून झालं, हे कार्यकारण त्यांना बोटाखाली दिसतं. पूड मात्र घरी दळलेलीच वापरा. बाजारातल्या सुट्या पुडीत शिसं असलेल्या लेड क्रोमेटची भेसळ सापडलेली आहे, आणि आपली मुलं हात तोंडात घालतात.

याच दिवसांत तासगावकडे बेदाण्याच्या शेड भरलेल्या असतात. ‘पंधरा दिवस’ ही गोष्ट कॅलेंडरवरच्या चौकोनांतून न कळणाऱ्या मुलांसाठी द्राक्ष हे फार चांगलं घड्याळ आहे. ताज्या द्राक्षात साधारण ८० टक्के पाणी असतं, बेदाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास, म्हणून चारेक किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. एक घड स्वच्छ धुऊन वर्गात जाळीवर ठेवायचा आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर तेच मूल त्याला हात लावेल असं बघायचं. शेडमधली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढलेली असतात, त्यामुळे सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो आणि ती लवकर वाळतात. वर्गातल्या घडाला तसं काही लावायचं नाही, त्याला जास्त दिवस लागले तरी चालतील. बुरशी दिसली तर घड टाकून द्या आणि नवा ठेवा. चव द्यायची असेल तर ताजं द्राक्ष कधीच अख्खं देऊ नका, लहान मुलांच्या आणि गिळायला त्रास होणाऱ्यांच्या घशात ते अडकतं. उभे चार तुकडे करा. ज्याला गिळण्याची मोठी अडचण आहे त्याला बेदाणाही नको. त्याला रोज हाताने चाचपू द्या आणि वास घेऊ द्या.