ड्राइव्ह लेटर बदलणे

विंडोज संगणकात हार्ड डिस्कच्या प्रत्येक भागाला, पेनड्राइव्हला किंवा मेमरी कार्डाला जे रोमन अक्षर मिळते, ते ड्राइव्ह लेटर. ही प्रथा सीपी/एम या जुन्या प्रणालीतून १९८१ च्या आयबीएम पीसीवरील डॉस या प्रणालीत आली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीकडे गेली, म्हणून हार्ड डिस्क आजही सीपासून सुरू होते. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीत अशी अक्षरे नसतात.

अक्षर बदलल्याने फाइली पुसल्या जात नाहीत आणि जागच्या हलतही नाहीत. कोणत्या भागाला कोणते अक्षर, याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, असते. बदलते ती तेवढीच. नुकसान होते ते त्या अक्षरावर विसंबलेल्या प्रोग्रॅमचे. विदर्भातल्या खेड्यात कृषी सेवा केंद्राची बिले, ग्रामपंचायतीचे दाखले आणि लग्नाचे फोटो बहुधा डी ड्राइव्हवरच असतात. हिशेबाच्या पॅकेजमध्ये ‘डी’ असा पत्ता लिहिलेला असताना डीचा जी केला, तर पॅकेज उघडते, पण ‘कंपनी’, म्हणजे त्यातले दुकानाचे हिशेब-खाते, दिसत नाही. डेटा गेला असे समजून दुकानदार घाबरतो आणि कोणी पॅकेज नव्याने टाकायला बसतो. खरे तर जुने अक्षर परत दिले किंवा पॅकेजमधला पत्ता सुधारला की हिशेब जसाच्या तसा दिसतो. म्हणून ज्या भागावर प्रोग्रॅम किंवा चालू हिशेब आहे, त्याचे अक्षर शक्यतो बदलू नये. पेरणीच्या दिवसांत, बियाण्याला गर्दी असताना तर नाहीच.

बदल करण्यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते लागते. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि त्या ड्राइव्हवरचे सर्व उघडे काम बंद करावे. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे, हव्या भागावर उजवी क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडावे, मग ‘चेंज’ दाबून मोकळे अक्षर द्यावे. खरा धोका त्याच यादीत आहे: ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ शेजारीच असतात आणि त्यांनी डेटा खरोखर जातो. आकार व लेबल (ड्राइव्हला दिलेले नाव) दोनदा वाचूनच क्लिक करावी. अक्षर बदलायला क्षणभर लागतो. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, लहानमोठे करण्याचे काम मात्र लांबते. ते चालू असताना लाइन गेली तर डेटा बिघडू शकतो, म्हणून यूपीएस नसेल तर ते करू नये.

विंडोज ज्या भागावर आहे त्याचे, म्हणजे बहुधा सीचे, अक्षर डिस्क मॅनेजमेंट बदलू देत नाही. रजिस्ट्रीत हात घालून ते बदलल्यास संगणक सुरू होईलच असे नाही. अक्षर नसलेले छोटे भाग संगणक सुरू करण्यासाठी वा दुरुस्तीसाठी ठेवलेले असतात. त्यांना अक्षर देऊ नये.

पेनड्राइव्हचे अक्षर पेनड्राइव्हसोबत फिरत नाही. प्रत्येक संगणक आपली वेगळी नोंद ठेवतो, त्यामुळे गावात ई असलेला पेनड्राइव्ह तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात एफ दिसू शकतो. सोबत जाते ते लेबल. म्हणून पेनड्राइव्हला ओळखता येईल असे नाव द्यावे. एकाच संगणकावर रोजच्या बॅकअपसाठी लागणाऱ्या पेनड्राइव्हला एक्स किंवा वायसारखे शेवटचे अक्षर दिले, तर मधल्या काळात दुसरा पेनड्राइव्ह येऊन ते अक्षर घेण्याची शक्यता फार कमी राहते.