कोपनहेगन ते लुंड: सीमेपेक्षा जुनं शहर

कोपनहेगनच्या मुख्य स्थानकातून सुटलेली ओरेसुंड गाडी तासाभराच्या आत स्वीडनमधल्या लुंडला पोचते. सकाळी निघून संध्याकाळी परत, एका दिवसात दुसरा देश. पण लुंडच्या वयापुढे ही सीमा अगदी अलीकडची. शहर वसलं दहाव्या शतकाच्या अखेरीस, डेन्मार्कच्या राजाच्या मुलखात. स्वीडनकडे गेलं 1658 मध्ये. साडेसहाशेहून अधिक वर्षं ते डॅनिशच होतं.

तेही साधंसुधं नव्हे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आर्चबिशपचं पीठ आलं आणि डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलंड अशा सगळ्या उत्तरेचा धर्मकारभार लुंडमधून चालू लागला. कोपनहेगनचा संस्थापक मानला जाणारा बिशप अबसालोन याने 1167 च्या सुमारास तिथल्या छोट्या वस्तीजवळ किल्ला बांधला आणि 1178 मध्ये तो लुंडचा आर्चबिशप झाला. तेव्हा ही बढती होती: कोपनहेगन म्हणजे लहानसं बंदर, लुंड म्हणजे धर्माची राजधानी. सोळाव्या शतकात डेन्मार्क प्रोटेस्टंट झाल्यावर हे वैभव सरलं आणि शहरातली बहुतेक चर्च पाडली गेली.

1658 च्या हिवाळ्यात डेन्मार्कच्या बेटांमधला समुद्र गोठला. स्वीडनचा राजा दहावा कार्ल गुस्ताव याने बर्फावरून फौज नेली आणि रॉस्किल्डच्या तहात लुंडसह सगळा स्कोने प्रांत पदरात पाडून घेतला. डेन्मार्कने तो परत मिळवण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर 1676 मध्ये लुंडच्या वेशीवर झालेली लढाई स्कॅन्डिनेव्हियातल्या सर्वांत रक्तरंजित लढायांपैकी एक. लुंडचं प्रसिद्ध विद्यापीठही स्कोने स्वीडिश करण्याच्या खटपटीतलंच. 1666 मध्ये ते काढण्यामागे विद्याप्रेम होतंच, पण नव्या प्रजेतले पाद्री आणि अधिकारी शिकायला कोपनहेगनला न जाता स्वीडिश वळणाचे व्हावेत, हा हेतू मोठा होता.

मग 1 जुलै 2000 रोजी दोन देशांमधल्या ओरेसुंड सामुद्रधुनीवरचा पूल खुला झाला. कोपनहेगनकडून येताना आधी सुमारे चार किलोमीटरचा बोगदा लागतो, मग पेबरहोल्म हे कृत्रिम बेट आणि शेवटी जवळपास आठ किलोमीटरचा पूल. सगळाच पूल का नाही? कारण पुलाचे मनोरे 204 मीटर उंच आहेत आणि कोपनहेगनचा विमानतळ डॅनिश किनाऱ्याला लागूनच आहे. तिथे मनोरे उभे केले असते तर विमानांच्या वाटेत आले असते. गाडी खालच्या मजल्यावरून धावते, मोटारी वरून. त्यामुळे समुद्र दिसतो तो लोखंडी तुळयांच्या तिरक्या जाळीतून, तुटक तुटक. फोटोचा हट्ट धरू नये. डेन्मार्कचा रेल्वे वीजपुरवठा 25 हजार व्होल्टचा, स्वीडनचा 15 हजारांचा आणि वारंवारताही वेगळी. म्हणून या मार्गावर दोन्हींवर चालणाऱ्या गाड्याच लागतात.

पासपोर्टचं काय? नॉर्डिक देशांनी 1950 च्या दशकातच आपापसांतली पासपोर्ट तपासणी काढून टाकली होती आणि 2001 पासून हे दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. नोव्हेंबर 2015 मध्ये स्थलांतरितांची संख्या वाढल्यावर स्वीडनने सीमेवर 'तात्पुरती' तपासणी सुरू केली आणि पुढे तिला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. पोलीस बहुधा हिल्ली या स्वीडनमधल्या पहिल्या स्थानकावर गाडीत चढतात. भारतीय पासपोर्टवाल्यांनी मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असला तरी घाबरायचं कारण नाही. हा प्रवास शेंगेनच्या आतलाच, त्यामुळे परत येणं हा दुसरा प्रवेश धरला जात नाही. तिकिटात मात्र चूक होते: कोपनहेगनचा शहरी पास विमानतळापलीकडे चालत नाही. थेट लुंडपर्यंतचं तिकीट गाडीत बसण्याआधी काढावं.

पैशांचा घोळ 1914 चा. 1873 मध्ये डेन्मार्क आणि स्वीडनने सोन्याच्या समान प्रमाणावर एकाच मोलाचं क्रोन हे चलन स्वीकारलं, लवकरच नॉर्वेही आला. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ही व्यवस्था मोडली. नाव तेवढं राहिलं. आज डॅनिश क्रोन स्वीडिश क्रोनाच्या साधारण दीडपट आहे, तरी पाटीवर दोन्हीकडे 'केआर'च लिहितात. लुंडमध्ये रोकड जवळजवळ लागतच नाही. कार्ड यंत्राने रुपये की क्रोना असं विचारलं तर क्रोना निवडावेत. रुपये निवडल्यास दर महाग पडतो.

स्थानकापासून कॅथेड्रल चालत दहा मिनिटांच्या आत. मुख्य वेदीची प्रतिष्ठापना 1145 ची, तळघरातली त्याहून जुनी, 1123 ची. त्या तळघरात एका खांबाला दगडी माणूस मिठी मारून आहे. हे चर्च बांधणारा फिन नावाचा राक्षस तोच, असं लोक सांगतात. वर पंधराव्या शतकातलं खगोलीय घड्याळ आहे. एकोणिसाव्या शतकात ते काढून टाकलं होतं, 1923 मध्ये पुन्हा उभं केलं. ते दिवसातून दोनदाच वाजतं, दुपारी 12 आणि 3 वाजता. रविवारी प्रार्थनेमुळे पहिली वेळ 1 ची. तेव्हा छोटं दार उघडून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती त्याची आई मेरी हिच्यापुढून सरकत जातात. म्हणून कोपनहेगनहून साडेदहाच्या आत निघालेलं बरं; पोलिसांच्या तपासणीत गाडी रेंगाळली तरी बाराचा ठोका हुकत नाही. जुनी घरं आणून मांडलेलं कुल्तुरेन हे 1892 पासूनचं संग्रहालय जवळच आहे. थंडीच्या मोसमात सोमवारी मात्र ते बंद असतं.