मधुमेह आणि व्यायाम

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोजचे, म्हणजेच रक्तशर्करेचे, प्रमाण आटोक्यात राहावे यासाठी आहार आणि औषधे यांच्या जोडीने केला जाणारा नियमित व्यायाम हा मधुमेहाच्या उपचाराचा मूलभूत भाग मानला जातो. वजन घटवण्याचे साधन एवढीच व्यायामाची ओळख सर्वत्र रूढ असली, तरी मधुमेहात त्याचे कार्य त्याहून थेट आहे. वजनात काहीच फरक पडला नाही तरी रक्तशर्करा सुधारते. मात्र औषधाच्या मात्रेप्रमाणे हा परिणामही काही काळ टिकतो आणि मग ओसरतो. व्यायाम केव्हा, किती आणि किती दिवसांच्या अंतराने करावा, याविषयीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या गटाच्या) रोग्यासाठी भरपूर श्रम सांगितले असून, निर्धन रोग्याने पादत्राणे आणि छत्री न घेता शंभर योजने (योजन हे अंतराचे प्राचीन माप) चालावे असेही म्हटले आहे. कृश रोग्याला मात्र जपावे, असा भेदही तेथेच केलेला आढळतो. हा भेद आजच्या मधुमेहाच्या प्रकार १ (ग्लुकोज पेशींत पोहोचवणारे इन्शुलिन हे संप्रेरक शरीरात जवळजवळ तयारच होत नाही) आणि प्रकार २ (इन्शुलिनचा परिणाम पुरेसा होत नाही) यांच्याशी तंतोतंत जुळवणे धाडसाचे ठरेल; परंतु सर्व रोग्यांना एकच व्यायाम चालत नाही ही जाण त्यात निश्चितच आहे. इन्शुलिनचा शोध लागल्यानंतरच्या काळात अमेरिकन वैद्यक एलियट जोस्लिन (१८६९–१९६२) यांनी आहार, इन्शुलिन आणि व्यायाम यांना एकाच रथाच्या तीन घोड्यांची उपमा दिली होती.

विश्रांतीच्या स्थितीत स्नायूंना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्शुलिनची गरज असते. इन्शुलिनचा संदेश मिळाला की पेशीच्या आत साठवलेली ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या आवरणापर्यंत येतात आणि ग्लुकोजला आत घेतात. प्रकार २ च्या मधुमेहात बिघाड होतो तो प्रामुख्याने या संदेशाच्या मार्गात. इन्शुलिन असते, पण पेशी त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत; यालाच इन्शुलिनरोध म्हणतात. स्नायू आकुंचन पावू लागला की हीच वाहक प्रथिने इन्शुलिनच्या संदेशावाचून, वेगळ्या मार्गाने आवरणापर्यंत पोहोचतात, आणि इन्शुलिनरोध असलेल्या व्यक्तीतही हा दुसरा मार्ग बहुतांशी शाबूत असतो. व्यायाम थांबल्यावर रिकामे झालेले ग्लायकोजेनचे (स्नायूंत साठवलेल्या ग्लुकोजचे) साठे भरून काढण्यासाठी स्नायू ग्लुकोज ओढत राहतात आणि इन्शुलिनला त्यांचा प्रतिसादही वाढलेला राहतो. ही वाढ साधारणपणे १ ते २ दिवस, काही वेळा ३ दिवसांपर्यंत टिकते. म्हणून रविवारी तीन तास घाम गाळून उरलेला आठवडा बसून काढणाऱ्यापेक्षा रोज अर्धा तास चालणाऱ्याची साखर अधिक स्थिर राहण्याची शक्यता असते.

प्रौढांसाठी सर्वसाधारण शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेच्या व्यायामाची आहे. तो किमान ३ दिवसांत विभागलेला असावा आणि सलग २ दिवसांहून अधिक खंड पडू नये, असे सांगितले जाते. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, ही मध्यम तीव्रतेची सोपी खूण. याखेरीज आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये खंड ठेवून, वजने किंवा ताणपट्ट्या यांच्या साह्याने स्नायूबल वाढवणारा व्यायाम करावा. खाल्लेले ग्लुकोज इन्शुलिनच्या प्रभावाखाली जिथे सामावते त्यातला सर्वांत मोठा वाटा कंकाल (हाडांना जोडलेल्या) स्नायूंचा असल्यामुळे वयानुसार घटणारे स्नायू टिकवणे हा रक्तशर्करेच्या नियंत्रणाचाच भाग ठरतो. दोन्ही प्रकारचे व्यायाम एकत्र केल्यास कोणत्याही एकापेक्षा चांगला परिणाम दिसतो.

गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणाऱ्या ‘एचबीए१सी’ चाचणीवरून हा परिणाम मोजला जातो. प्रकार २ विषयीच्या चाचण्यांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, देखरेखीखालच्या आखीव व्यायामाने हे मूल्य सरासरी ०.६७ टक्के-अंकांनी कमी झाल्याचे दिसले. आठवड्याला १५० मिनिटांहून अधिक व्यायाम करणाऱ्यांत घट ०.८९, तर त्याहून कमी करणाऱ्यांत ०.३६ होती. नुसता ‘व्यायाम करा’ असा सल्ला, आहाराच्या सल्ल्याची जोड नसताना, फारसा उपयोगी पडला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेवटी लिहिला जाणारा हा सल्ला बहुधा तिथेच का राहतो, हे त्यातून कळते. मधुमेहपूर्व अवस्थेत तर व्यायामाचे पारडे आणखी जड होते. अमेरिकेत ३,२३४ व्यक्तींवर झालेल्या व २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी कमी झाले.

व्यायामाची वेळ हा पूर्वी दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. जेवणानंतर रक्तशर्करा वाढत असताना केलेली हालचाल ती वाढ छाटते. न्यूझीलंडमध्ये प्रकार २ च्या व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात दिवसातून एकदाच ३० मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालल्याने जेवणोत्तर रक्तशर्करा सुमारे १२ टक्के कमी राहिली, आणि हा फरक रात्रीच्या जेवणानंतर सर्वाधिक होता. दीर्घकाळ बसून काम करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून थोडे चालावे, या शिफारशीमागेही हेच तत्त्व आहे.

व्यायामाने साखर नेहमी उतरतेच असे नाही. वेगाने धावणे, जड वजन उचलणे किंवा स्पर्धेचा ताण यांत ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात, यकृत स्नायूंच्या गरजेहून जास्त ग्लुकोज रक्तात सोडते आणि व्यायाम संपल्यावर मापक यंत्र आधीपेक्षा वरचा आकडा दाखवते. ही वाढ बहुधा तात्पुरती असते. ती दिसताच घाईने इन्शुलिनची पूर्ण मात्रा घेणे धोक्याचे, कारण थोड्याच वेळात इन्शुलिनला वाढलेला स्नायूंचा प्रतिसाद साखर खाली ओढू लागते.

इन्शुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत व्यायामाचे गणित बदलते. निरोगी शरीरात व्यायाम सुरू होताच स्वादुपिंड इन्शुलिनचा स्राव कमी करते; टोचून घेतलेले इन्शुलिन मात्र परत काढता येत नाही. त्यामुळे रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊन घाम, थरथर, गोंधळ आणि क्वचित बेशुद्धी येऊ शकते. सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्यांनीही असा धोका संभवतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तो अगदी कमी असतो. व्यायामापूर्वी साखर ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास साधारण १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, आणि लगेच शोषली जाणारी साखर जवळ ठेवावी. ज्या मांडीने धावायचे तिच्यातच इन्शुलिन टोचल्यास ते अधिक लवकर शोषले जाते. दुपारच्या किंवा संध्याकाळच्या व्यायामानंतर काही तासांनी, झोपेत साखर उतरण्याचा धोका सर्वाधिक फसवा, कारण तेव्हा व्यायामाचा विसर पडलेला असतो. मात्रा किती कमी करायची हे व्यायामाच्या स्वरूपावरून आणि स्वतःच्या नोंदींवरून उपचारकासोबत ठरवावे लागते. प्रकार १ मध्ये वजनांचा व्यायाम आधी व चालणे-धावणे नंतर, असा क्रम ठेवल्यास किंवा मध्यम व्यायामाच्या शेवटी १० सेकंद पूर्ण वेगाने धावल्यास घसरण कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे.

याच्या उलट, साखर २५० मिलिग्रॅमच्या वर असून रक्तात किंवा लघवीत कीटोन (ग्लुकोजऐवजी चरबी जाळली जाताना तयार होणारी द्रव्ये) आढळले, तर शरीरात इन्शुलिनची तीव्र कमतरता आहे असे समजावे. अशा वेळी व्यायामाने साखर आणि कीटोन दोन्ही वाढतात. म्हणून आधी उपचार आवश्यक असतो.

डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढलेल्या असल्यास श्वास रोखून जड वजन उचलणे, उड्या मारणे आणि डोके खाली जाईल असे व्यायाम टाळावेत, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. मज्जातंतूंना इजा होऊन पायांची संवेदना गेली असेल, तर फोड किंवा जखम झालेली कळत नाही. व्यवस्थित बसणारी पादत्राणे घालून रोज तळवे तपासावेत. सुश्रुतसंहितेतील अनवाणी चालण्याची आज्ञा आज कोणताही चिकित्सक जशीच्या तशी देणार नाही. पायावर उघडी जखम असताना पायावर भार न येणारे, खुर्चीत बसून करायचे व्यायाम निवडले जातात; पोहणेही जखम भरेपर्यंत टाळले जाते. हृदयाच्या ठोक्यांसारखी कामे आपोआप चालवणारी स्वायत्त मज्जासंस्था बाधित झालेल्यांत हृदयाचे ठोके व्यायामाच्या प्रमाणात वाढत नाहीत आणि छातीत न दुखताही हृदयाला रक्त कमी पडत असू शकते. अशा व्यक्तींनी जोरदार व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदयतपासणी करून घ्यावी, आणि श्रमाचा अंदाज नाडीवरून न घेता किती दमल्यासारखे वाटते यावरून घ्यावा.